काटा ‘छान’वर असताना आलेलं वादळ

मित्रांनो, माझ्या पोटात काही नाही. काही म्हणजे काहीच नाही, हवासुद्धा नाही. आणि या रिकाम्या पोटावर मी शंभराहून जास्त वर्षं नोकरी केली आहे.

मी एक जुना वायुदाबमापक आहे. पितळी, गोल, जेवणाच्या ताटलीएवढा. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या बंदराजवळ एका तळघरात माझा जन्म झाला. पातळ पत्र्याची एक चपटी डबी, तिच्यावर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा वळ्या. एका कारागिराने तिच्यातली हवा उपसून काढली आणि डाख देऊन तोंड बंद केलं. झालं माझं पोट. हवेला वजन असतं बरं का. बाहेरची हवा भारी झाली की माझं पोट दबतं, हलकी झाली की जरा सुटतं. ही हालचाल केसाच्या जाडीएवढी. पण दोन तरफा आणि एक नाजूक साखळी ती काट्यापर्यंत पोचवतात. हवा भारी, काटा वर. हवा हलकी, काटा खाली. तबकडीवर मिलिमीटरचे आकडे आहेत, आणि आकड्यांच्या डोक्यावर जर्मन भाषेत शब्द आहेत. सातशे तीसपाशी ‘वादळ’, पन्नासपाशी ‘पाऊस’, साठपाशी ‘बदल’, सत्तरपाशी ‘छान’.

तिथून मी क्यूबाला आलो. वाटेत काय पाहिलं ते विचारू नका, मी पेटीत होतो.

पेटी उघडली ती ला बेर्मेहा गावात, कप्तान बार्तोलो फेरेरच्या हातात. दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव समुद्राच्या तळावर उगवणारे स्पंज काढणाऱ्यांचं. इथला समुद्र इतका उथळ, की अर्धा मैल चालत गेलात तरी पाणी छातीच्या वर येत नाही. बार्तोलोने मला आपल्या शिडाच्या बोटीवर खिळ्याला टांगलं. रोज सकाळी तो माझ्या काचेवर नखाने टिचकी मारायचा. म्हातारपणी सांधे धरतात तसे माझे तरुणपणीच धरायचे. टिचकी बसली की काटा आळस झटकून खऱ्या आकड्यावर यायचा. मग बार्तोलो आकडा मोठ्याने म्हणायचा, वर आकाशाकडे बघायचा, आणि ठरवायचा, आज खोल पाण्यात जायचं की किनाऱ्याजवळच राहायचं. साठ वर्षांत माझं ऐकून तो सात वेळा अर्ध्या वाटेवरून परत फिरला. त्यातल्या तीन वेळा वादळ आलंच नाही आणि गाव त्याला हसलं. उरलेल्या चार वेळा कोणी हसलं नाही.

त्याच्या उतारवयात त्याला दोन मुलं झाली. थोरली सेनाइदा, धाकटा लेओविहिल्दो. एवढं मोठं नाव हाक मारायला परवडत नाही, म्हणून सगळे त्याला लेओ म्हणतात. बार्तोलो गेला तेव्हा बोट विकली गेली, आणि मी सेनाइदाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आलो. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला फ्रिज. सेनाइदा बापासारखीच टिचकी मारायची आणि आकडा दारावर खडूने लिहायची. समुद्रावर जाणारे जाता जाता विचारायचे, “काय म्हणतो बार्तोलो?” म्हणजे मीच. मेलेल्या माणसाचं नाव मला चिकटलं. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, कारण तो बार्तोलो रम प्यायचा आणि बेसूर गायचा. मी ना पीत, ना गात. पण नावाची सवय होते.

रेडिओच्या शेजारी चाळीस वर्षं काढल्यामुळे मी बऱ्यापैकी शिकलो. वादळ कसं होतं ते ऐका.

उन्हाळ्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गडगडाटी ढगांचे घोळके समुद्रावर उतरतात आणि आमच्या दिशेने चालू लागतात. त्यातले बहुतेक वाटेतच विरतात. पण एखाद्या घोळक्याला खाली ऊन पाणी मिळतं. नुसतं वरवर तापलेलं नाही हं. चांगलं पन्नास मीटर खोलवर साडेसव्वीस अंशांच्या पुढचं पाणी लागतं. त्या पाण्याची वाफ वर चढते. वर गारव्यात तिचे ढग होतात, आणि ढग होताना वाफ आपल्या अंगातली ऊब सोडून देते. त्या उबेने भोवतालची हवा आणखी हलकी होते, आणखी वर जाते. वर गेली की खाली जागा मोकळी. पंगतीत एक उठला की दुसरा धावत येऊन बसतो, तशी चहूकडची हवा तिथे धावते. तीही ओली, तीही वर चढते. हे चक्र स्वतःलाच वाढवत जातं. आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते ना, म्हणून धावत आलेली हवा सरळ येऊच शकत नाही. बाजूला ढकलली जाते आणि गिरक्या घेऊ लागते. आमच्याकडे आणि तुमच्याकडेही घड्याळाच्या काट्यांच्या उलट. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा धक्का मिळत नाही, म्हणून तिथे वादळ जन्मत नाही. आणि वरच्या थरात जोराचा वारा असला तर तो वादळाचं डोकंच उडवतो. म्हणजे बघा, पाणी तापलेलं हवं, हवा ओली हवी, गिरकी हवी, आणि वर कोणी खोडी काढणारं नको. इतकं सगळं जुळून यावं लागतं. लग्नं याहून सोपी जुळतात.

मग त्याची बढती सुरू होते. आधी नुसता ढगांचा गोंधळ. मग कमी दाबाचं क्षेत्र. वारा ताशी त्रेसष्ट किलोमीटरवर गेला की ते वादळ, आणि तेव्हाच त्याचं बारसं होतं. नावांची यादी आधीच ठरलेली असते, एक बाईचं, एक पुरुषाचं. फार माणसं मारणाऱ्याचं नाव यादीतून कायमचं काढून टाकतात. वारा एकशे एकोणीसवर गेला की ते पुरतं चक्रीवादळ. आमच्या भाषेत सिक्लोन. त्यापुढे एक ते पाच नंबर. एकशे चौपन्नला दोन, एकशे अठ्ठ्याहत्तरला तीन, दोनशे नऊला चार, दोनशे बावन्नच्या पुढे पाच. मोठ्या चक्रीवादळाच्या मधोमध डोळा असतो, निवांत. मला दोनदा त्या डोळ्यात बसायचा योग आला. वर निळं आभाळ दिसतं, पक्षी बावरून फिरतात, आणि माझा काटा इतका खाली गेलेला असतो की मलाच माझी लाज वाटते.

एक गोष्ट रेडिओवाले सांगायचे, पण गावकरी ती कानाआड करायचे. हे नंबर वाऱ्याचे आहेत, पाण्याचे नाहीत. समुद्र किती वर येईल हे त्या नंबरात लिहिलेलं नसतं. ला बेर्मेहात मात्र नंबर म्हणजे परीक्षेचे गुण. चार आला तर गाडीत बसायचं, एक आला तर कॉफी टाकायची.

पुढे गावात टीव्ही आले. त्यात उपग्रहातून काढलेली वादळाची चित्रं यायची, कापूस पिंजून गिरकी दिल्यासारखी. लोकांनी माझ्याकडे बघणं सोडलं. वादळाची बातमी आली की घरातली पहिली वस्तू उचलली जायची ती फ्रिज. चौघे मिळून त्याला दुमजली शाळेच्या वरच्या मजल्यावर न्यायचे, जावयाला नेतात तसं. तो माझ्याहून साठ वर्षांनी लहान. मला कोणी विचारायचं नाही. सेनाइदाची रोजची टिचकी तेवढी चुकली नाही.

आणि मग झाला यामिल्काचा पंधरावा वाढदिवस. यामिल्का लेओची मुलगी. आमच्याकडे मुलीचा पंधरावा म्हणजे लग्नाएवढा थाट. फुगीर गुलाबी झगा, केक, फोटो. त्या दिवशी सकाळपासून पाऊस. पोरगी झग्यात बसून रडतेय. लेओला काही सुचेना. तो स्वयंपाकघरात आला, मला भिंतीवरून उतरवलं, पेचकसाने माझ्या पाठीवरचा स्क्रू फिरवला आणि काटा पार ‘छान’वर नेऊन ठेवला. मग मला मुलीपुढे धरून म्हणाला, “हे बघ, आजोबा म्हणतायत आज छान आहे. आजोबा खोटं बोलतील का?”

पोरगी हसली. फोटोत ती माझ्या शेजारी उभी आहे, मागे खिडकीत धो धो पाऊस.

तो स्क्रू परत फिरवायचं मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. तेव्हापासून मी पंधरा मिलिमीटर जास्त दाखवू लागलो. मित्रांनो, एका रडणाऱ्या मुलीसाठी खोटं बोललो याचं मला दुःख नाही. पण नंतर सगळा गाव मला खोटारडा म्हणू लागला, आणि ते म्हणण्यात लेओ सगळ्यात पुढे.

दोन वर्षांनी, सप्टेंबरात, एल्विरा आली.

वादळाचं नाव एल्विरा. अर्सेनियो न्हाव्याने ते रेडिओवर ऐकलं आणि दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाला तसंच फेसात सोडून तो रस्त्यावर आला. “ऐकलंत का? माझी पहिली बायको येतेय! बघाच तुम्ही. येईल, भांडीकुंडी फोडेल आणि मायामीला निघून जाईल.”

“किती नंबरची आहे?” कोणीतरी ओरडलं.

“रेडिओ म्हणतो एक. पण त्यांनी संसार केलाय का तिच्याशी?”

सगळं गाव हसलं. एक नंबर म्हणजे काय, कॉफीच टाकायची. वादळ रात्री गावाच्या पश्चिमेकडून जाणार होतं. माणसं न्यायला ट्रक दुपारी चारला येणार होता. फ्रिज सकाळीच शाळेत गेले.

सकाळी आठला सेनाइदाने टिचकी मारली. मी दाखवत होतो सातशे सदुसष्ट, ‘छान’च्या उंबऱ्यावर. बाहेर ईशान्येचा वारा केळीची पानं फाडत होता.

आता माझी एक गुप्त सवय सांगतो. आमच्या उष्ण मुलखात हवा रोज दोनदा श्वास घेते. सकाळी दहाच्या सुमारास काटा मिलिमीटरभर चढतो, दुपारी चारला तेवढाच उतरतो. रोज, न चुकता. त्यावर घड्याळ लावावं. हे बार्तोलोला माहीत होतं आणि सेनाइदाला माहीत होतं. बाकी कोणाला नाही.

दहाला सेनाइदाने पुन्हा टिचकी मारली. मी चढायला हवं होतं. मी उतरलो. सातशे चौसष्ट.

तिने दारावर खडूने आकडा लिहिला, आणि तेवढ्यात गल्लीतून ओरडा आला, “समुद्र गेला! समुद्र गेला!”

हे आमच्या गावाचं खास आहे. ईशान्येचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि पाणी इतकं उथळ की तो ते ढकलतच नेतो. बघता बघता मैलभर तळ उघडा पडतो. अशा वेळी ला बेर्मेहाची माणसं काय करतात? पळतात. पण घराकडे नाही, समुद्राकडे. बादल्या, पोती, फावडी घेऊन. आडवे पडलेले मोठे शंख, खेकडे, कधी काळी हरवलेले नांगर. आणि रिवाज असा, की उघड्या तळावर जे सापडेल ते सापडणाऱ्याचं. मग ते आधी कोणाचंही असो.

त्यामुळे लेओ सगळ्यांच्या पुढे धावला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या होडीचं इंजिन पाण्यात पडलं होतं. पडलं म्हणजे काय, त्याने पकडीचे स्क्रूच आवळले नव्हते. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या होड्यांवर वल्ही मारत होता, आणि रोज कोणी ना कोणी विचारायचं, “लेओ, इंजिनाचं काही पत्र-बित्र?” आज ते दुसऱ्या कोणाला सापडलं असतं तर कायमचं गेलं असतं.

अकराला टिचकी. सातशे साठ.

सेनाइदा दारात जाऊन ओरडली. तिकडून वाऱ्यावर हसण्याचा आवाज आला. ती आत आली, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरचं मेणकापड ओढलं, मला खिळ्यावरून काढून त्यात गुंडाळलं, आणि बासष्ट वर्षांची ती बाई चपला हातात घेऊन समुद्राच्या तळावर उतरली.

शंभर वर्षं मी त्या समुद्रावर आणि त्याच्या काठावर काढली. तळ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. समुद्री गवत केस विंचरल्यासारखं सगळं एकाच दिशेला झोपलेलं. डबक्यांत अडकलेले मासे तडफडत होते. मध्ये एक ओहोळ लागला, घोट्याएवढ्या पाण्याचा. सेनाइदा तो ओलांडून पुढे गेली. गावची अठरा माणसं इकडे-तिकडे वाकून वेचत होती. अर्सेनियो बादलीभर खेकडे घेऊन नाचत होता.

लेओ सगळ्यांच्या पलीकडे होता. गुडघ्यावर बसून फावड्याने चिखल उपसत होता. त्याला इंजिन सापडलं होतं.

“आलीस? बरं झालं,” तो म्हणाला. “धर हे टोक.”

“लेओ, घरी चल. बार्तोलो पडतोय.”

“पडू दे की. लहानपणी त्यानेही मला बोटीवरून पाडलंय.”

“मस्करी पुरे. दहाला चौसष्ट होता, अकराला साठ. दहाला त्याने चढायचं असतं. जन्मात कधी दहाला उतरला नाही तो.”

“अगं, कोणाला आकडे सांगतेस? मीच फिरवलाय ना त्याला, या हातांनी! पंधरा मिलिमीटर खोटं बोलतो तुझा बार्तोलो. आणि एक नंबरचं वादळ आहे, रात्री येणार आहे. तोवर मी हे इंजिन घरी नेऊन, आंघोळ करून, जेवून झोपेन.”

“तू त्याचं तोंड फिरवलंस,” सेनाइदा म्हणाली. “पाय नाही तोडलेस. खाली उतरायचं त्याला अजून कळतं.”

तिने मेणकापड सोडलं आणि मला त्या गंजक्या इंजिनावर उताणं ठेवलं. नखाने टिचकी मारली. मित्रांनो, मी काही धैर्याचं काम केलं नाही. हवा हलकी झाली होती, मी उतरलो, एवढंच. सातशे सत्तावन्न. पण लेओने ते डोळ्यांनी पाहिलं.

तो म्हणाला, “तरी इंजिन—”

“उभा राहा. वाऱ्याला पाठ कर.”

“काय लहान मुलांचे खेळ!”

“खेकड्यांशिवाय कोणी बघत नाहीये. कर.”

हे बार्तोलोनेच दोघांना शिकवलं होतं. वाऱ्याला पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात लांब करायचा. हात जिकडे, तिकडे वादळाचं केंद्र. लेओ उभा राहिला. त्याने हात लांब केला.

“आज सकाळी उठलास तेव्हा कुठे होता हा हात?”

“आग्नेयेला. खोल समुद्राकडे.”

“आणि आता?”

हात सरळ दक्षिणेला होता. वाऱ्याचा झोत त्याच्या पाठीवरून सरकत होता, आणि त्याबरोबर त्याला थोडं थोडं वळावं लागत होतं. हात पश्चिमेकडे निघाला होता, पिनार शहराच्या दिशेने. बापाचं वाक्य दोघांनाही पाठ होतं. ‘हात पिनारकडे गेला की समुद्र घरात.’ कारण केंद्र पश्चिमेला पोचलं की आमच्या किनाऱ्यावर वारा उलटतो. इतका वेळ पाणी बाहेर ढकलणारा तोच मग त्याला आत लोटतो. रात्री येणाऱ्या एल्विराने वाटेत चाल वाढवली होती.

“रात्री नाही, लेओ. आत्ता,” सेनाइदा म्हणाली.

त्याने इंजिनाकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त बाहेर आलं होतं. “सोडून गेलो तर दुसऱ्याला सापडेल, ताई. ज्याला सापडेल त्याचं होईल.” मोठेपणी त्याने तिला ताई म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

सेनाइदा चिखलात बसली. नीट मांडी घालून. मला मांडीवर घेतलं. “मग काढ तू. मी बसते इथे. तुला, मला आणि बार्तोलोला जो कोणी शोधून काढेल, त्याचे आपण. रिवाजच आहे.”

लेओने फावडं फेकलं. एक शिवी दिली, ती मी इथे सांगत नाही. मग तोंडात दोन बोटं घालून त्याने शीळ घातली, लांब, दोनदा. स्पंजवाल्यांत या शिट्टीचा अर्थ एकच: सगळ्यांनी बोटीवर परत. वाकलेली माथी वर उठली. स्वतःचं इंजिन चिखलात टाकून लेओ, गावातला सगळ्यात हट्टी माणूस, बहिणीला हाताला धरून किनाऱ्याकडे धावतोय हे त्यांनी पाहिलं. माझ्या आकड्याने जे झालं नव्हतं ते त्या दृश्याने झालं. सगळे पळाले.

वाटेत वारा थबकला. एकदम शांत. ते मला मुळीच आवडलं नाही. मग मागून, दक्षिणेकडून, पाठीवर ऊन ओला झोत आला.

मघाशी घोट्याएवढा असलेला ओहोळ आता मांडीपर्यंत होता. लाट-बिट काही नव्हती. पाणी नुसतं भरत होतं, कोणी घाई न करता घागर भरावी तसं. लेओने मला डोक्यावर घेतलं, सेनाइदाला खांद्याचा आधार दिला आणि आत उतरला. मध्यावर पाणी कमरेला लागलं. मागून अर्सेनियो बादली छातीशी धरून येत होता आणि अडखळत होता.

“अरे, टाक ती बादली!” लेओ ओरडला.

“माझ्या बायकोने दिलेली पहिली भेट आहे ही!”

“टाक म्हणतो ना! एल्विरा तुला न्यायला आलीय, खेकड्यांना नाही!”

बादली सुटली. खेकडे आपापल्या घरी गेले. अर्सेनियोचा सुटलेला हात लेओने धरला, त्याचा दुसरा हात मागच्याने, आणि अशी साखळी करून सगळे पार झाले. शाळेच्या जिन्यावर पोचेपर्यंत रस्त्यावर पाणी खळखळत होतं.

वरच्या मजल्यावर बाकीचं गाव आधीच चढून बसलं होतं. सेनाइदाने तळावरून परतलेली माणसं मोजली. दोनदा मोजली. आधी गेलेले अठरा, लेओ आणि ती स्वतः. वीस. तेव्हा कुठे ती खाली बसली आणि रडली. मग यामिल्काने फ्रिजांच्या रांगेमागे स्टोव्ह मांडून कॉफी केली, दाट आणि गोड. जिन्यात कोणाचं तरी डुक्कर मोठमोठ्याने तक्रार करत होतं. चार म्हाताऱ्यांनी डॉमिनोचा डाव मांडला. खिडकीतून बघितलं तर घरांत दाराच्या कडीपर्यंत समुद्र. सेनाइदाचा खडूचा आकडा केव्हाच पुसला गेला असेल.

संध्याकाळी रेडिओने सांगितलं, एल्विरा एक नंबरचीच होती. वाऱ्याने फारसं नुकसान नाही.

अर्सेनियोने अर्ध्या बुडालेल्या आपल्या दुकानाकडे पाहिलं. “तरी मी सांगत होतो,” तो म्हणाला. “नंबर देणाऱ्यांनी तिच्याशी संसार केलेला नाही.”

आणि गंमत बघा. त्या अख्ख्या वादळात माझा काटा ‘वादळ’ सोडाच, ‘पाऊस’ या शब्दापर्यंतही पोचला नाही. पंधरा मिलिमीटरच्या खोट्यामुळे तो ‘बदल’च्या जरा खाली जाऊन थांबला. शब्द वाचणाऱ्याला मी काहीच सांगितलं नसतं. मी कुठून निघालो, कुठे चाललोय आणि किती घाईत, हे जिने पाहिलं तिलाच कळलं.

चार दिवसांनी पाणी उतरलं. गावातली सहा माणसं दोर घेऊन लेओबरोबर होडीने गेली आणि त्यांनी ते इंजिन छातीभर पाण्यातून ओढून आणलं. त्यावर कोणी हक्क सांगितला नाही. घरी आणून उघडलं, तर आत नुसती कालवं. तीन वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेलं इंजिन चालेल का, हा प्रश्न एवढ्या धावपळीत कोणालाच पडला नव्हता. लेओला तर नाहीच. तो आधी कसनुसा झाला, मग इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. वर्षभर वल्ही मारून त्याने आता दुसरं इंजिन घेतलंय, जुनंच. रोज सकाळी निघण्याआधी त्याचे स्क्रू तो दोनदा आवळतो.

माझाही स्क्रू त्याने नीट केला. रेडिओवरचा त्या वेळचा दाब ऐकून, जीभ बाहेर काढून, काटा हळूहळू खऱ्या जागेवर आणला. “माफ कर, म्हाताऱ्या,” असं काहीतरी पुटपुटला. मला म्हणाला की बापाला, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याही समुद्रावर वादळं येतात. तुम्हीही बातम्यांत नंबर ऐकाल, नाव ऐकाल. ते ऐका, पण तेवढ्यावर निजू नका. पाणी कुठून येईल तेही विचारा, आणि समुद्र आपण होऊन मागे सरला तर त्याच्या मागे जाऊ नका. घरात एखादं जुनं, खोटारडं ठरलेलं यंत्र असेल, तर त्याला फेकण्याआधी बघा, ते मोडलंय की आपणच त्याचं तोंड फिरवलंय.

लेओ हल्ली समुद्रावर जाण्याआधी रोज स्वयंपाकघरात डोकावतो. पूर्वी विचारायचा, “किती?” आता विचारतो, “कुठे चाललाय?” सेनाइदा सांगते, चढतोय किंवा उतरतोय. मग तो माझ्या काचेवर ‘हाऽ’ करून फुंकर मारतो आणि शर्टाच्या टोकाने मला पुसतो. शर्टाला माशांचं तेल असतं. काच आधीपेक्षा धुरकट होते. तो गेला की सेनाइदा कुरकुरत ओल्या फडक्याने पुन्हा पुसते. पण माझं मत विचाराल तर पहिलं पुसणंच मला जास्त आवडतं.